वकिलीची सनद : तयारी दहावीपासूनच

व्यापारी आणि कारागीर माणसाचा वकिलाशी संबंध येतो तो बहुधा नाइलाजाने. गाळ्याचा मालक जागा खाली करायला सांगतो, गिऱ्हाइकाचा चेक न वटता परत येतो, भागीदार हिशेब देत नाही किंवा जीएसटीची नोटीस हातात पडते. मग कोणाच्या तरी ओळखीने वकील गाठायचा, फी भरायची आणि तारखा मोजायच्या. अशाच एखाद्या तारखेवरून परत येताना बापाच्या मनात येते की, आपलाच मुलगा किंवा आपलीच मुलगी वकील झाली तर किती बरे होईल!

विचार चांगला आहे. पण तो मनात येतो तेव्हा फार वेळा उशीर झालेला असतो. मुलगा वीस-बावीस वर्षांचा असतो, दहावीनंतर दुकानात बसलेला असतो, आणि 'पुढे कधीतरी बाहेरून पदवी घेऊन वकील होईल' एवढ्या भरवशावर घर चाललेले असते. वकिलीच्या बाबतीत हा भरवसा धोक्याचा आहे. वकील होण्याची वाट कायदा महाविद्यालयाच्या दारात सुरू होत नाही. ती दहावीच्या निकालापासून सुरू होते. ती नीट कशी चालावी आणि कुठे पाय घसरतो, हे आम्ही या लेखात क्रमाने सांगणार आहोत.

व्यापाऱ्याच्या घरातून कोर्टात

'वकिली हे सुशिक्षित नोकरदारांच्या मुलांचे काम, आपले नव्हे' असा एक समज आपल्याकडे आहे. मुंबईचा इतिहास वेगळे सांगतो. बद्रुद्दीन तय्यबजी हे मुंबई हायकोर्टात वकिली करणारे पहिले हिंदी बॅरिस्टर. ते १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले, १८८७ मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले आणि १८९५ मध्ये हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. त्यांचे वडील तय्यबअली हे व्यापारी होते. १९४७ ते १९५८ या काळात मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश असलेले एम. सी. छागला हेही व्यापारी घराण्यातलेच.

या दोघांच्या वेळची शिक्षणाची वाट विलायतेतून जात होती आणि ती फार थोड्यांना परवडत होती. आजची वाट आपल्या जिल्ह्याच्या गावातून जाते. पैसा पूर्वीपेक्षा कमी लागतो; नियम मात्र पूर्वीपेक्षा जास्त आहेत. म्हणून नियम आधी समजून घ्यावेत.

कायदा काय मागतो?

भारतात वकिली १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टप्रमाणे चालते. या कायद्याच्या कलम २४ नुसार अर्जदार भारताचा नागरिक असावा, त्याचे वय २१ वर्षे पूर्ण असावे आणि त्याच्याकडे बार कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेली कायद्याची पदवी असावी. नोंदणी राज्याच्या बार कौन्सिलकडे होते. आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोवा यांची बार कौन्सिल एकच आहे. नोंदणी झाल्यावर जो दाखला मिळतो, त्यालाच आपण सनद म्हणतो.

कायद्याच्या पदवीच्या दोन वाटा आहेत.

पहिली वाट पाच वर्षांची. बारावी झाली की, कोणत्याही शाखेतून झालेली असो, थेट कायद्याच्या महाविद्यालयात प्रवेश घ्यायचा. बी.ए. एलएल.बी., बी.बी.ए. एलएल.बी. अशा नावांनी हे अभ्यासक्रम चालतात.

दुसरी वाट तीन वर्षांची. आधी कोणतीही पदवी घ्यायची आणि नंतर तीन वर्षांचे एलएल.बी. करायचे. पदवीची तीन वर्षे धरली तर बारावीनंतर एकूण सहा वर्षे लागतात.

पाच वर्षांच्या वाटेसाठी बारावीला आणि तीन वर्षांच्या वाटेसाठी पदवीला खुल्या वर्गाला किमान ४५ टक्के, इतर मागासवर्गाला ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. 'पास झाला, बस्स झाले' हे गणित इथे चालत नाही. चाळीस टक्क्यांनी बी.कॉम. झालेल्या खुल्या वर्गातल्या मुलाला दार बंद आहे, मग तो कितीही हुशार असो.

दोहोंपैकी कोणती वाट धरावी? ज्या मुलाचे मन बारावीलाच पक्के आहे त्याने पाच वर्षांची धरावी. त्यात एक वर्ष वाचते. ज्याच्या घरी दुकान आहे आणि ज्याला कर, कंपनी, करारमदार यांचे काम करायचे आहे, त्याने आधी बी.कॉम. करून मग तीन वर्षांचे एलएल.बी. करणे शहाणपणाचे. २०१७ च्या जुलैत जीएसटी आल्यापासून ताळेबंदही वाचता येतो आणि कायद्याचे कलमही वाचता येते अशा वकिलाची गरज प्रत्येक बाजारपेठेत आहे. शिवाय वकिलीत मन रमले नाही तरी बी.कॉम.ची पदवी हाताशी राहते.

क्रम मोडू नका

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट. आमच्या वाचकांनी बाकी लेख विसरला तरी चालेल, पण एवढे लक्षात ठेवावे.

बार कौन्सिलच्या २००८ च्या कायदा शिक्षण नियमांत असे सांगितले आहे की, बारावी किंवा पदवी पत्राद्वारे, दूरशिक्षणाने केलेली असली तरी ती चालेल. पण ज्याने आवश्यक मूळ शिक्षण न घेता मुक्त विद्यापीठाच्या सवलतीने थेट वरची परीक्षा दिली, तो कायद्याच्या प्रवेशाला पात्र नाही.

याचा अर्थ उदाहरणाने पाहू. समजा, दोन भाऊ आहेत. दोघेही दहावीनंतर वडिलांच्या फॅब्रिकेशनच्या कामाला लागले. थोरल्याने खाजगीरीत्या बारावीचा फॉर्म भरला, बारावी पास केली आणि मग मुक्त विद्यापीठातून बी.ए. केले. धाकट्याला बारावीचा कंटाळा आला. काही मुक्त विद्यापीठांनी बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीची परीक्षा घेऊन पदवीला प्रवेश देण्याची सोय ठेवली होती. त्याने ती परीक्षा दिली आणि तोही बी.ए. झाला. दोघांच्या हातात सारखाच कागद, विद्यापीठ तेच, गुणही तेवढेच. पण कायद्याच्या प्रवेशाला थोरला पात्र आणि धाकटा अपात्र! कारण थोरल्याची शिडी दहावी, बारावी, पदवी अशी सलग आहे आणि धाकट्याच्या शिडीची मधली पायरी गायब आहे.

धाकट्याची पदवी खोटी नाही. इतर अनेक ठिकाणी ती उपयोगी पडेल. पण सनदेच्या वाटेवर ती अडते. आणि हे कळते कधी? सीईटी देऊन, गुण मिळवून, कागद तपासणीच्या खिडकीपाशी उभे राहिल्यावर. तोपर्यंत आयुष्याची तीन-चार वर्षे गेलेली असतात.

आपल्या समाजात दहावीनंतर हाताला काम लागणारी मुले पुष्कळ आहेत, म्हणून हा नियम इतरांपेक्षा आपल्याला जास्त लागतो. मुलगा दुकानात बसला, कारखान्यात लागला, तरी हरकत नाही. पण बारावीचा फॉर्म भरायचा चुकवू नये. आयटीआय करणाऱ्यानेही सोबत किंवा त्यानंतर बारावी पूर्ण करावी. मदरशात शिकलेल्या मुलांना आणि मध्येच शाळा सुटलेल्यांना एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, हा चांगला मार्ग आहे. तिथे दहावी आणि बारावी दोन्ही परीक्षा देता येतात आणि उर्दू माध्यमाचीही सोय आहे. फक्त क्रम तोच ठेवावा : आधी दहावी, मग बारावी, मग पदवी.

वयाची चिंता करू नये. बार कौन्सिलने घातलेल्या वयोमर्यादेला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्थगिती दिली आणि महाराष्ट्राच्या सीईटीला वयाची कमाल अट नाही. तिशी उलटलेला दुकानदारही शिडी सलग असेल तर एलएल.बी.ला बसू शकतो.

दुसरी चूक एलएल.बी.च्या बाबतीत होते. पदवी दूरशिक्षणाने चालते, पण एलएल.बी. दूरशिक्षणाने चालत नाही. 'घरबसल्या एलएल.बी.' अशी जाहिरात कोणी दाखवली तर पैसे भरू नयेत. वर्गात बसावे लागते, आणि २००८ च्या नियमांत ७० टक्के हजेरी सांगितलेली आहे. प्रवेश घेण्यापूर्वी त्या महाविद्यालयाला बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता चालू आहे की नाही, हे जरूर पाहावे. मान्यता नसलेल्या ठिकाणची पदवी सनदेच्या कामाची नाही.

प्रवेश परीक्षा

महाराष्ट्रात कायद्याचे प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होतात. पाच वर्षांची सीईटी वेगळी, तीन वर्षांची वेगळी. परीक्षा संगणकावर, पर्यायी उत्तरांची असते. इंग्रजी, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, तर्कबुद्धी आणि कायद्याचा कल असे विषय असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांची परीक्षा म्हणजे क्लॅट. ती २००८ पासून देशभर होते, प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. महाराष्ट्रात अशी विद्यापीठे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे आहेत. फी जास्त आणि स्पर्धा तीव्र असली तरी हुशार मुलाने क्लॅटचा फॉर्म जरूर भरावा. तयारी बरीचशी सारखीच असते.

चांगली महाविद्यालये फक्त एवढीच नाहीत. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासून आहे. पुण्याचे आयएलएस १९२४ चे. अंजुमन-ए-इस्लामचे बॅरिस्टर ए. आर. अंतुले विधी महाविद्यालय मुंबईत आहे, तर पुण्यात आझम कॅम्पसमध्ये ए.के.के. न्यू लॉ अकॅडमी आहे. अल्पसंख्य संस्थांत आपल्या मुलांसाठी राखीव जागा असतात. फॉर्म भरतानाच तशी नोंद करावी लागते.

या परीक्षांची खरी तयारी क्लास लावून दोन महिन्यांत होत नाही. रोज एक मराठी आणि एक इंग्रजी वर्तमानपत्र, अग्रलेखासकट, आठवी-नववीपासून वाचणाऱ्या मुलाची निम्मी तयारी आपोआप होते. हा खर्च चहाच्या खर्चाहून जास्त नाही.

भाषा हेच हत्यार

सुताराचा रंधा, तशी वकिलाची भाषा. या ठिकाणी आपल्या मुलांची, विशेषतः उर्दू माध्यमाच्या मुलांची, अडचण होते. म्हणून स्पष्ट सांगतो.

राज्यघटनेच्या कलम ३४८ प्रमाणे हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाचे काम इंग्रजीत चालते. महाराष्ट्रातील तालुका आणि जिल्हा कोर्टांची भाषा म्हणून शासनाने १९९८ मध्ये मराठी जाहीर केली. म्हणजे ज्याला जिल्ह्याच्या ठिकाणी वकिली करायची आहे त्याला मराठी उत्तम हवी, आणि ज्याला वर जायचे आहे त्याला इंग्रजीही हवी. काही विद्यापीठांत एलएल.बी.ची उत्तरे मराठीत लिहिण्याची सोय आहे. पण ग्रंथ आणि निवाडे बहुतेक इंग्रजीत असल्याने इंग्रजी वाचन सुटत नाही.

उर्दू माध्यमाच्या मुलाने मात्र घाबरू नये. कोर्टाची मराठी त्याला वाटते तेवढी परकी नाही. वकील, दावा, फिर्याद, अर्ज, जामीन, कैफियत, दरखास्त, हुकूमनामा, दस्तऐवज, मुखत्यार, वारस, तारीख हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि कोर्टात कायमचे राहिले. आपला मुलगा हे शब्द घरून घेऊन जातो. त्याला कमी पडते ते देवनागरीतले भरभर वाचन आणि शुद्ध लेखन. रोज एक पान मराठी नक्कल करण्याचा नेम दोन वर्षे ठेवला तर ही उणीव राहत नाही.

महाविद्यालयात काय शिकायचे?

करार, मालमत्ता, घटना, फौजदारी कायदा, पुरावा, दिवाणी प्रक्रिया, कौटुंबिक कायदा, कंपनी, कर, कामगार, लवाद हे मुख्य विषय. कौटुंबिक कायद्यात मुस्लिम कायदाही येतो. त्यात १९३७ चा शरियत कायदा आणि १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा अभ्यासावा लागतो. वारसाहक्काचे हिस्से काढण्याचे गणित आपल्या मोहल्ल्यात नेहमीच लागते. ते नीट जाणणाऱ्या वकिलाला कामाची वाण पडत नाही.

फौजदारी कायद्यांच्या बाबतीत एक सूचना. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा यांचे कायदेही त्याच दिवशी बदलले. म्हणून मोठ्या भावाची किंवा शेजाऱ्याची जुनी पुस्तके स्वस्तात मिळाली तरी या तीन विषयांसाठी नवीच घ्यावीत. जुन्या खटल्यांपुरते जुने कायदे पाहावे लागतात, पण पाया नव्याचा हवा.

चार विषय प्रत्यक्ष कामाचे असतात : मसुदा लेखन, वकिलीची नीती, तडजोड व लवाद, आणि अभिरूप न्यायालय. यातच एक दिवाणी व एक फौजदारी खटला कोर्टात बसून पाहायचा आणि त्याची वही ठेवायची असते. शिवाय तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे उमेदवारी असते. बरीच मुले यावर नुसता सही-शिक्का मिळवतात. कारागिराला सांगायला नको की, उस्तादाच्या हाताखाली न बसता कारागिरी येत नाही. वकिलीचेही तसेच आहे.

इथे दुकानदाराच्या मुलाला एक फायदा आहे, तो त्याने ओळखावा. इतरांना जे पुस्तकात दिसते ते त्याच्या गल्ल्यात पडलेले असते. उधारीवर दिलेल्या मालाच्या वसुलीची मुदत साधारण तीन वर्षांची, हे मुदतीच्या कायद्यात आहे. चेक परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात फिर्याद करावी लागते. नोंदणी नसलेल्या भागीदारी पेढीला करारावरून बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही, असे १९३२ च्या भागीदारी कायद्याचे कलम ६९ सांगते. घरचा भाडेकरार, इसारपावती, भागीदारीपत्र, मुखत्यारपत्र हे कागद मुलासमोर ठेवावेत आणि 'यात कच्चे कुठे आहे, सांग' असे विचारावे. यासारखा दुसरा क्लास नाही.

पदवीनंतर सनद

पदवी मिळाली की राज्य बार कौन्सिलकडे नोंदणी करायची. या नोंदणीसाठी कोणी किती फी घ्यावी, यावर वाद होता. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, कायद्यात लिहिलेल्या फीपेक्षा जास्त घेता येणार नाही. ती सर्वसाधारण उमेदवाराला एकूण ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये आहे. मुद्रांकाचा खर्च असेल तो वेगळा.

त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा. २०११ पासून ही परीक्षा होते, आणि ती घेण्याचा बार कौन्सिलचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये कायम ठेवला. शंभर प्रश्न असतात. टिपा नसलेली कायद्याची मूळ पुस्तके आत नेता येतात. ज्याने तीन किंवा पाच वर्षे ती पुस्तके स्वतः उघडली आहेत, त्याला ही परीक्षा जड नाही. ज्याने गाईडवर दिवस काढले, त्याला पुस्तक हातात असूनही कलम सापडत नाही.

ज्याला न्यायाधीश व्हायचे आहे त्याने हेही ध्यानात घ्यावे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. म्हणजे पदवी झाल्याबरोबर परीक्षा असे न धरता, आधी कोर्टात उभे राहण्याची तयारी ठेवावी.

दुकान की सनद?

हा प्रश्न आमच्या वाचकांच्या घरात सर्वात आधी विचारला गेला पाहिजे आणि तो विचारला जातो सर्वात शेवटी.

शिकत असताना मुलगा सुट्टीत, संध्याकाळी दुकानात बसला तर त्याला आडकाठी नाही. पण सनद घेतल्यावर बार कौन्सिलचे नियम लागू होतात. वकिलाला स्वतः धंदा करता येत नाही. धंद्यात नुसता पैसा गुंतवलेला, कामकाजात भाग न घेणारा भागीदार होता येते; मात्र तो धंदा वकिलीच्या प्रतिष्ठेशी विसंगत नाही असे राज्य बार कौन्सिलचे मत असले पाहिजे. वडिलोपार्जित धंदा वारशाने आला तर तो चालू ठेवता येतो, पण त्याची व्यवस्था स्वतः पाहता येत नाही. पूर्ण वेळ पगारी नोकरीही करता येत नाही.

तेव्हा 'सकाळी कोर्ट, संध्याकाळी गल्ला' असा बेत कोणी केला असेल तर तो नियमाला धरून नाही. घरात दोन मुलगे असतील तर कोण पेढी सांभाळणार आणि कोण सनद घेणार, हे आधीच ठरवावे. एकच वारस असेल आणि धंदा सोडायचा नसेल, तर त्याने एलएल.बी. जरूर करावे, पण सनद घेऊ नये. कायदा शिकलेला व्यापारी ही काही छोटी गोष्ट नाही. करार करताना, नोटिशीला उत्तर देताना, वकिलाशी बोलताना ते ज्ञान पदोपदी कामी येते.

खर्च आणि कागदपत्रे

फी महाविद्यालयानुसार बदलते. शासकीय आणि अनुदानित ठिकाणी ती कमी, विनाअनुदानित ठिकाणी जास्त आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांत बरीच जास्त असते. पण खरा खर्च फीचा नाही. सनद मिळाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली जातात आणि मिळकत तुटपुंजी असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने कनिष्ठ वकिलांना शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असे सुचवले. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. म्हणून बापाने शिक्षणाचा हिशेब करताना पुढच्या तीन वर्षांची रोटीही त्यातच धरावी. ती न धरल्यामुळे सनद घेतलेली किती तरी मुले वर्षभरात कोर्ट सोडून दुसऱ्या कामाला लागतात.

आता सवलतींविषयी. महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गांच्या यादीत मोमीन, बागवान, अत्तार, तांबोळी अशा अनेक कारागीर व धंदेवाईक मुस्लिम बिरादऱ्या आहेत. त्यांच्या मुलांना गुणांची, जागांची आणि फीची सवलत मिळते. पण ती मागितल्यावर मिळते, आणि मागायला कागद लागतात : जातीचा दाखला, जात पडताळणी प्रमाणपत्र आणि नॉन क्रिमीलेअर दाखला. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही मानीव तारीख आहे. त्याआधीच्या महाराष्ट्रातील वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुना सातबारा, नगरपालिकेची जुनी जन्मनोंद असे कागद त्यासाठी शोधावे लागतात. पुष्कळदा जुन्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते आणि तिथे काम अडते. हे शोधकाम सीईटीच्या निकालानंतर सुरू केले तर वेळ पुरत नाही. मुलगा नववीत असतानाच सुरू करावे. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज योजनाही आहे; तिची चौकशी जिल्हा कार्यालयात करावी.

मुलींविषयी

सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश एम. फातिमा बीवी या केरळच्या. १९५० मध्ये त्या बार कौन्सिलच्या परीक्षेत पहिल्या आल्या, खालच्या कोर्टापासून पायरी पायरीने वर गेल्या आणि १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात बसल्या. आपल्या मुली दहावी-बारावीला मुलांपेक्षा चांगले गुण आणतात, हे आपण सर्व जाणतो. मेहर, खावटी, वारसा, मुलांचा ताबा अशा बाबतींत आपल्या बायकांना परक्या पुरुष वकिलापुढे मन मोकळे करता येत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी चांगल्या महिला वकिलाची गरज किती आहे, हे त्यांनाच विचारावे. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील इतर मागासवर्गीय आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी फी माफ करण्याचा निर्णय घेतला. प्रवेशावेळी याची चौकशी अवश्य करावी.

थोडक्यात वेळापत्रक

आठवी ते दहावी : रोज वर्तमानपत्र, मराठी-इंग्रजी लेखन, जातीचे जुने कागद गोळा करणे.

अकरावी-बारावी : शाखा कोणतीही, पण ४५ टक्क्यांच्या बरेच वर राहावे. बारावीच्याच वर्षी पाच वर्षांची सीईटी आणि जमल्यास क्लॅट द्यावी.

शाळा सुटलेल्यांनी : आधी दहावी, मग बारावी, मग पदवी. मधली पायरी गाळू नये.

पदवीच्या शेवटच्या वर्षी : तीन वर्षांच्या सीईटीचा फॉर्म.

महाविद्यालयात : हजेरी, मूळ कायद्याचे वाचन, खरी उमेदवारी.

पदवीनंतर : नोंदणी, बार परीक्षा आणि चांगल्या वकिलाच्या हाताखाली निदान तीन वर्षे.

यातली एकही पायरी सामान्य घरातल्या मुलाच्या आवाक्याबाहेरची नाही. त्यातली जी सर्वात स्वस्त, ती म्हणजे बारावीचा फॉर्म वेळेवर भरण्याची पायरी, नेमकी तीच आपल्याकडे गाळली जाते आणि पुढचे सर्व दरवाजे तिच्यापायी बंद होतात. ज्यांच्या दुकानात, कारखान्यात आज दहावी झालेला मुलगा कामाला आहे, मग तो स्वतःचा असो की शेजाऱ्याचा, त्यांनी त्याला एवढाच प्रश्न विचारावा : बारावीचा फॉर्म भरलास का?